नदीकाठ आणि डांगरवाल्या मावशी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या आळीतल्या डांगरवाल्या मावशींचे. गिऱ्हाईक फारच घासाघीस करू लागले की त्या डांगर, म्हणजे आमच्याकडचे खरबूज, उचलून परत टोपलीत ठेवत. "तुले खायाचं नाही, बाबू. तुले जिकायचं हाय." अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील.

पावसाळा सरला की नदीच्या वाळूत माळ्यांच्या डांगरवाड्या लागत. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला, त्या घराने वाळूची पट्टी आधी निवडायची, असा रिवाज होता. यजमान गेले त्या वर्षी मावशींनी पाण्यालगतची पट्टी निवडली. वेल पसरले, आणि कापसाची तेजी आली. एका दलाल शेटजींनी गावच्या म्युनिसिपल कमेटीकडून सारा काठ कापसाच्या गंज्यांसाठी मिळवला. गाड्या वेलांवरूनच गेल्या.

"बाई, विलायत कापूस मागून राहिली. डांगर कोण मागते?" शेटजी हसले.

"लगीन निघू द्या तुमच्या घरी, मंग बोलू."

वैशाखात शेटजींच्या मुलीचे लग्न निघाले. मावशींनी घरोघर जाऊन माळ्यांना शपथ घातली. एकानेही फूल दिले नाही. अकोटला माणूस धाडला, तर तिथले माळी मावशींचेच सोयरे! वऱ्हाड दारात आले, तेव्हा शेटजी स्वतः आळीत आले.

"काठ सोडता?"

"सोडतो, मावशी. देवाची आन."

फुले गेली, लग्न लागले. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा काठावर!

मावशी भावाकडे कौंडण्यपूरला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "शीक. सायेब नको होऊ. कमेटीत बस."

तिथे वर्धा नदीच्या वाळूत डांगरे पिकवून, पैसे धाडून त्यांनी मला शिकवले. त्यात माया होती, तितकेच वैरही होते. तेजी ओसरली, तरी काठ शेटजींकडेच राहिला. मी बी. ए. होऊन परतलो, कमेटीत आलो आणि पहिलाच ठराव काठाचा मांडला. तो मंजूर झाला.

मी मावशींना पत्र लिहिले. ते पोहोचले, तेव्हा मावशी या जगात नव्हत्या. पत्र असे होते :

"तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार. काठ मोकळा झाला. काल शेटजी गंज्या हलवायला मुदत मागायला आले. भर दुपारी ओट्याखाली उभे होते. मी वर बोलावले नाही, पाणी विचारले नाही. ते हात जोडून बोलत राहिले आणि मी ऐकत राहिलो. मावशी, मला फार बरे वाटले. हे वाईट असेल, तर येऊन मला चार शब्द सुनवा, पण या. बडनेऱ्याच्या स्टेशनावर मी न्यायला येतो."