अजून एक वाफ

“अजून एक वाफ,” असं मामूंनी म्हटलं की प्रत्यक्ष यम दारात आला असता तरी त्याला रेडा बाहेर बांधून ओसरीवर बसावं लागलं असतं. मामू डोळे मिटायचे, मान जरा कलती करायचे, चुलीवरच्या पातेल्याच्या झाकणापाशी नाक न्यायचे आणि उजवा पंजा आमच्याकडे उभा धरायचे, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा. तो पंजा खाली आला की भात खाली यायचा. त्याआधी नाही.

तुम्ही म्हणाल, भातच तो, त्याचं एवढं काय? तुम्ही मामूंचं नाक पाहिलेलं नाही.

नगरला माझं मोटार वायंडिंगचं दुकान आणि त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं, मागेच त्यांचं घर, मध्ये एक भिंत. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणायची. त्यांची नातवंडंसुद्धा मामूच म्हणायची, मग बाकीच्यांचं काय सांगा! नाक दिसायला साधं, थोडं बसकंच. पण मागच्या गल्लीत कुणाचं दूध उतू जायला निघालं की हे इथून ओरडायचे, “गॅस बारीक करा!” आणि तिकडे गॅस बारीक व्हायचा. एकदा माझा जेवणाचा डबा बंद, वर पिशवी, पिशवीला गाठ, तरी मामू म्हणाले, “आज वहिनी रागावलीय. फोडणी घाईत घातलीय.” घरी जाऊन चौकशी केली. रागावली होती. फोडणीचं मी विचारलं नाही, तेवढा शूर मी नाही.

मी गोष्ट सांगताना फुगवतो, असं लोक मागे बोलतात. मामू तोंडावर बोलायचे. मी जरा रंगात आलो की हातातला पेचकस न थांबवता, मान वर न करता म्हणायचे, “फुगवू नको.” एवढंच. टायरमधली हवा काढावी तशी माझ्या गोष्टीतली हवा सुंऽ करून निघून जायची.

मामू, मी, बाळू आणि सुधीर, आमचं चौघांचं एक वेड होतं. पावसाळा सरला, भाताची काढणी झाली की शनिवारी दुपारी शटर ओढायचं आणि राजूरला जेवायला जायचं. लोक तिकडे धरण बघायला जातात, शिखर चढायला जातात. आम्ही डोंगराकडे पाठ करून ताटाकडे तोंड करायचो. बाळूची जीप. ती इतकी जुनी की संगमनेरच्या पुढे चढ लागला की आम्ही आळीपाळीने तिला धीर द्यायचो. औषधांच्या दुकानाचा सुधीर बरोबर असायचा. तो घरी शुद्ध शाकाहारी. अकोले मागे पडलं की त्याचा धर्म पातळ व्हायचा आणि तो रश्शापर्यंत यायचा. राजूरात शिरलं की फोडीपर्यंत.

राजूरच्या बाजारात पहिला मुक्काम पेढ्यांच्या दुकानात. मामू ओट्याला टेकायचे, नाकाने एकदा हवा ओढायचे आणि म्हणायचे, “हा कालचा.” दुकानदार बिचारा भला माणूस, पण मामू समोरून येताना दिसले की कालची परात आपोआप आत जायची. “यांना आधी बाहेर उभं करा हो,” तो आम्हाला हात जोडून म्हणायचा, “बाकीची गिऱ्हाइकं ऐकतात!” मग आतून गरम खव्याचा गोळा मामूंच्या तळहातावर यायचा. ती त्याची लाच होती, आणि तिच्यात आम्हा तिघांचाही वाटा असायचा.

खरं जेवण मात्र वरच्या अंगाला, एका वाडीत, हिराबाईकडे. तिची आमची ओळख जीपने करून दिली. पहिल्या वर्षी जीप तिच्या दारातच तापून बसली. हिराबाईने पाणी दिलं, मागून नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी दिली. आत तिची सून शिलाई मशीन चालवत होती. मामू भाकरी चावता चावता थांबले. “टाका सुटतोय ना गं, बाळ? शटल मागे राहतंय.” मशीन त्यांनी पाहिलंही नव्हतं. आत जाऊन दोन पेच फिरवले, आणि बाहेर येऊन उरलेली भाकरी खाल्ली. तेव्हापासून हिराबाई आमची झाली, म्हणजे मामूंची झाली. आम्ही त्यांच्यामागचे डबे.

तिच्या घरी मामूंसाठी एक सुरी वेगळी ठेवलेली असायची. कोंबडी कापायची ती मामूंनीच, हे न बोलता ठरलेलं. खेकडे ते खायचे नाहीत. “आमच्यात चालत नाही,” म्हणायचे; पण खेकड्याचं कालवण रटरटत असलं की लांबूनच, “हिराताई, मीठ कमी आहे,” असं सांगायचे. आणि कमी असायचं. न खाल्लेल्या कालवणाचं मीठ सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, तुम्हीही पाहिला नसेल.

पण सगळ्यात मोठा मान काळभाताचा. काळ्या टरफलाचं, बारीक, वासाचं भात. हिराबाई घरापुरतं एका तुकड्यात लावायची आणि त्यातला एक डबा आमच्यासाठी राखून ठेवायची. तो भात चुलीवर चढला की घरात एक कायदा लागू व्हायचा: मामू सांगतील तेव्हाच पातेलं उतरायचं. चुलीशेजारी त्यांचा पाट. मामू पाटावर बसायचे, पंजा उभा, “अजून एक वाफ.” हिराबाईचा नवरा, सून, आम्ही तिघे, दारातलं कुत्रं, सगळे गप्प.

मग तो ताप आला, सगळ्या जगाला आला तोच. मामू महिनाभर अंथरुणात होते. उठले तेव्हा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. रस्ते मोकळे झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना जीपमध्ये घातलं. पेढ्यांच्या दुकानात दुकानदाराने सवयीने परात आत नेली. मामू म्हणाले, “असू दे की. दे काय असेल ते.” बाळू म्हणाला, “मामू मवाळ झाले.” मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी हिराबाईने काळभात चढवला. मामू पाटावर. डोळे मिटलेले, मान कलती, पंजा उभा. “अजून एक वाफ.”

वास सुटला, घरभर झाला. मग त्या वासाला जरा कडा आली. मी सुधीरकडे पाहिलं, सुधीरने बाळूकडे. मामूंचा पंजा उभाच. आता चक्क लागल्याचा वास. सून दारातून आत आली, सासूकडे बघून पुन्हा बाहेर गेली. तुम्ही विचाराल, अरे, सात-आठ माणसं बसलात, एकाला तोंड उघडता येईना? नाही आलं. कायदा होता ना! मला तर वाटलं, या वर्षी मामूंच्या मनात काहीतरी फार वरचं असणार, आपल्या नाकांना कळणार नाही असं. धूर निघाला तरी आम्ही भाविकांसारखे बसून.

शेवटी हिराबाईने पदराने पातेलं उचललं. “लाकूडच लई पेटलं आज,” ती म्हणाली. “माझंच चुकलं.”

झाकण काढलं. खालचा भात काळा, वरच्यालाही तोच वास. तिने वरवरचा वाढला. मामूंनी घास घेतला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, “वा, हिराताई! मागच्यापेक्षा छान.”

बाळूच्या जिभेला हाड नाही. “मामू, करपलाय हो.”

मामूंचा हात ताटातच राहिला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात धुतला आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

मी थोड्या वेळाने गेलो. समोर डोंगर, त्याच्यावर शेवटचं ऊन. ते म्हणाले, “तापात गेलं. परत आलंच नाही. जिभेला तिखट कळतं, खारट कळतं. बाकी सगळा पुठ्ठा.”

“घरी माहीत आहे?”

“मामीला कसं सांगू? चाळीस वर्षं ती माझ्या नाकासाठी रांधतेय. तिला कळलं तर खिचडी टाकून मोकळी होईल.” जरा थांबून म्हणाले, “आता मला इकडे आणू नका. नाक नसलेला माणूस चुलीपुढे कशाला बसवायचा? देवळात आंधळा पहारेकरी ठेवल्यासारखं.”

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

मग तेच म्हणाले, “आजचा वास कसा होता, सांग.”

“मामू, काय सांगू, असा वास की कळसूबाईवर चढलेली माणसं अर्ध्यातून खाली धावत...”

“फुगवू नको.”

“बरं. भंडारदऱ्याच्या पाण्यातले मासे काठाला...”

“फुगवू नको रे.” या वेळी ते हळू म्हणाले.

मी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट होती तेवढीच सांगायला बसलो, आणि घाम फुटला. म्हणालो, “आधी कोऱ्या मडक्यात पाणी ओतल्यासारखा. मग तूप कढतंय असा. मग लांब कुणीतरी पीठ भाजतंय, तसा. मग जळका.”

मामू ऐकत होते. ओठ हलवत होते, जणू एकेक घास चावत होते. “तिसऱ्याला,” ते म्हणाले. “तिसऱ्याला उतरवायचा होता.”

सकाळी निघायची तयारी झाली. मामू आधीच जीपमध्ये जाऊन बसले. हिराबाई दारात आली. “मामू, उतरा. भात टाकलाय.”

“हिराताई, माझं नाक गेलंय.”

“ठावं हाय. कालच कळलं.” ती काही हलेना. “नाक गेलं, कान तर हायेत न्हवं? आमची मशीन काय नाकानं नीट केली हुती व्हय?”

मामू बघतच राहिले.

“भात बोलतो,” ती म्हणाली. “पाणी हाय तवर बडबड करतो, ह्यांच्यावानी,” असं म्हणून तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “पाणी आटलं की कुजबुजतो. गप झाला की संपलं, लागला. या, बसा. एवढा डबा राखलाय, का कोंबड्यांना घालू?”

मामू उतरले. पाटावर बसले. मान कलती केली, पण या वेळी कान झाकणाकडे. आम्ही श्वास धरून. बाळू शिंकला तर सुनेने त्याला बाहेर काढला. मामूंचा पंजा वर गेला, कपाळाला आठ्या. ते मला म्हणाले, “कुठवर आलाय?”

“तूप कढतंय.”

“अजून एक वाफ.” ते ऐकत राहिले. मी पीठ भाजल्याच्या वासाची वाट बघत होतो. तो मला यायला आणि त्यांचा पंजा खाली यायला एकच गाठ पडली. मी अजून बोललोही नव्हतो.

भात मोकळा, पांढरा. चव कळत नसताना मामूंनी तो तीन वेळा मागून घेतला. हिराबाई चुलीकडे तोंड करून लाकडं मागे ओढत बसली. लाकडं केव्हाच विझली होती.

त्यानंतर ते येत राहिले. कान त्यांचा, नाक माझं. मामींनाही त्यांनी सांगितलं, मामींनी खिचडी टाकली नाही, उलट रोज फोडणी दिली की मला भिंतीपलीकडून हाक, “ये, वास सांग यांना.” माझं वजन त्याच काळात वाढलं.

मग गुडघे गेले. दुकान बंद करून मामू-मामी मिरजगावला लेकीकडे राहायला गेले. आता जीपचा प्रवास जमणार नव्हता. आम्ही हिराबाईला सांगितलं. ती म्हणाली, “मग फोन कशाला हाय?”

घरात रेंज नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तर तिने अंगणात, पेरूच्या झाडाखाली, नवी चूल मांडलेली. तिथे दोन काड्या रेंज येते, तिने सुनेचा मोबाईल हातात घेऊन फिरून फिरून जागा हेरली होती. मी फोन झाकणापाशी धरायचा. मिरजगावहून आवाज यायचा, “खालचं लाकूड मागे घ्या. कोंबडं कोण ओरडतंय? त्याला हाकला.” मग, “वास?” मी सांगायचो. “फुगवू नको.” आणि शेवटी, डोंगरापलीकडून, साखर कारखान्यांवरून, उसाच्या फडांवरून ते शब्द यायचे, “अजून एक वाफ.” फोनमधला पंजा आम्हाला दिसायचा. खोटं सांगत नाही, दिसायचा.

या हिवाळ्यात जायच्या आधीच मामू गेले. मिरजगावला मातीला आम्ही तिघेही होतो. हिराबाईला बाळूने फोनवर कळवलं. ती म्हणाली, “भात काढून झालाय. या.”

गेलो. पेढेवाल्याने परात आत नेली नाही, बाहेरही ठेवली नाही. तशीच हातात धरून उभा राहिला. वर अंगणातली चूल सारवलेली, शेजारी पाट. पाटावर कुणी बसलं नाही. मी खाली बसलो, कान झाकणाशी नेला. भात बडबडत होता.

मी म्हणालो, “कोरं मडकं.” कुणाला म्हणालो ते विचारू नका. थोड्या वेळाने म्हणालो, “तूप.” भात कुजबुजायला लागला. मग लांब कुणीतरी पीठ भाजतंय तसा वास आला. अगदी स्पष्ट, अगदी वेळेवर. आता ‘उतरवा’ म्हणायचं होतं. एवढंच.

सुधीरने माझ्याकडे पाहिलं, बाळूने सुधीरकडे. हिराबाईचा पदर हातात तयार होता. भात गप्प झाला. वासाला कडा आली, तरी आम्ही बसून राहिलो, सगळेच, पाटाकडे बघत.

शेवटी हिराबाईने पातेलं उचललं.

“लाकूडच लई पेटलं आज,” ती म्हणाली.

आम्ही तळाच्या काळ्या थरासकट सगळा भात खाल्ला. बाळूसुद्धा काही बोलला नाही.