बर्फ घातलेलं लिंबूसरबत

आमच्या वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात दातांची खुर्ची होती, पण तिच्यावर केसपेपरचे गठ्ठे बसलेले असत. माणसांनी कोथरूडला जावं. तिथे आयटीतल्या लोकांसाठी काचेचे दवाखाने निघाले होते, आत माशांची टाकी. आमच्या बायकांनी चार घरची धुणीभांडी उरकून मासे बघायला जायचं होतं काय?

मी पत्रक काढलं: 'हा प्रश्न एका दाताचा नाही.' खरं तर तो माझ्याच तीन दातांचा होता. गार काही लागलं की कळ थेट कानात. भर उन्हाळ्यात मी कोमट पाणी प्यायची. थंडीतली भाषणं तोंडावर ओढणी घेऊन केली. लोक समजले, पोलिसांना घाबरते. आमच्या वस्तीच्या संघटनेत स्वतःचं दुखणं सांगायची पद्धत नव्हती.

मग दवाखान्याच्या दारात उपोषणाला बसले. मागणी एकच, खुर्ची चालू करा. तिसऱ्या दिवशी पालिकेचे साहेब लेखी आश्वासन घेऊन आले. मागे शिपाई, त्याच्या हातात लिंबूसरबत. उपोषण साहेबांच्या हातूनच सुटतं, फोटो निघतो, मग सगळे घरी जातात. पत्रात लिहिलं होतं, 'लवकरच'. मला चाललं असतं, भूक फार लागली होती. पण ग्लासात बर्फ होता.

"घ्या, ताई."

"नको."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पत्र परत घेतलं, 'लवकरच' खोडून 'महिन्याभरात' केलं. पुन्हा ग्लास पुढे. मी ओठ लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. ग्लास खाली ठेवला.

"अहो, किती ताणायचं माणसानं?" म्हणत त्यांनी 'महिन्याभरात' खोडलं आणि 'सोमवारपासून' लिहून सही ठोकली.

शेजारच्या मावशी माझ्या कानाशी आल्या. "पी की आता. तो माणूस रडेल."

"मावशी, दात."

मावशींनी ग्लास उचलला, समोरच्या टपरीवर नेला आणि सरबत चहाच्या पातेल्यात उकळून आणलं. साहेबांनी तो वाफाळता ग्लास रुमालात धरून मला सरबत पाजलं. आंबटानं कानात कळ आलीच. फोटो छापून आला, खाली 'विजयाचे अश्रू'.

सोमवारी गठ्ठे हलले. डॉक्टरबाईंनी दात पाहिले. "मुळं उघडी पडलीत. ब्रश इतका जोरात का घासता?"

"मी सगळंच जोरात करते."

"दात सोडून करा."

त्यांनी मुळांवर औषधाचा थर दिला, मऊ ब्रश घ्यायला सांगितला, पुन्हा दोनदा बोलावलं. शेवटच्या दिवशी एक फॉर्म दिला: उपचारांनी रोजच्या जगण्यात काय फरक पडला? लिहायला चार ओळी. मी पाठीमागेही लिहिलं. माठाचं पाणी पिते. थंडीत ओढणीशिवाय बोलते. स्कूटरवर मागे बसून गार वाऱ्यात भांडता येतं. शेवटी 'हे आधी का झालं नाही याचा खुलासा व्हावा' असंही घातलं.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीच्या नळासाठी बसलो. तेच साहेब, तसाच ग्लास, वर बर्फ तरंगतोय. घसा कोरडा पडला होता. मी ग्लास घेतला आणि एका दमात संपवला, बर्फसुद्धा कडाकडा चावला. दात ढिम्म. फोटो झाला. सगळे उठले.

मग मी पत्र वाचलं. त्यात 'लवकरच' लिहिलं होतं.