पत्रिकेतला प्लूटो

प्लूटो आता ग्रह राहिला नाही, असं सकाळच्या पेपरात वाचलं आणि माझं डोकं फिरलं. पस्तीस वर्षांपूर्वी इथल्या, काशीतल्या ब्रह्माघाटावरच्या शास्त्रीबुवांनी याच प्लूटोपायी मला मुलगी नाकारली होती.

"प्लूटो म्हणजे पाश्चात्त्यांचा यम. तुझ्या पत्रिकेत सप्तमात बसलाय. माझी मुलगी विधवा व्हायची!"

"काशीत यमाचं काही चालत नाही, असं तुम्हीच यजमानांना सांगता ना?" मी ओरडलो.

"तुझी साड्यांची दुकानदारी इथे नको," शास्त्रीबुवा म्हणाले.

आतला चंदन उगाळण्याचा आवाज थांबला. ती ऐकत होती. मी ताडकन उठून निघालो.

इतकी वर्षं शास्त्रीबुवांना शिव्या घातल्या. आज संताप स्वतःचाच येतोय. एका साडीसाठी गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करणारा मी, तिथे पहिल्याच नकाराला उठलो कसा?