उजवीकडेच वळणारी नाव

नाव वळवायची ती सूर्याच्या चालीनं, उजवीकडेच, हा नॉर्वेतल्या त्या बेटावर ओस्मुंडच्या घरचा दंडक. हिवाळ्यात फोटोवाल्यांना फिरवतानाही त्यानं तो मोडला नव्हता.

“डावीकडे घ्या हो, उजेड पळतोय!” कॅमेरा घेऊन उभा असलेला पाहुणा ओरडला.

“उजेड गेला खड्ड्यात. खाली बसा आधी!”

तेवढ्यात लाट आदळली आणि गोठलेल्या फळीवरून घसरून पाहुणा डाव्या अंगाला समुद्रात पडला. ओस्मुंडनं सुकाणू गर्रकन डावीकडे फिरवलं आणि आकडा अडकवून त्याला वर ओढलं.

धक्क्यावरून म्हाताऱ्या आईनं सगळं पाहिलं होतं.

“आई, डावीकडे वळवली गं,” तो चाचरत म्हणाला.

“बरं केलंस. तुझा बाप त्या दिवशी उजवीकडेच वळला, नि वळसा घालून पोचेपर्यंत तुझा भाऊ बुडाला होता.”