ड्रायव्हर उठत नाही

महापेला आमच्या ऑफिसमध्ये एक सिनियर आहेत. टेस्टिंगच्या सामाईक कॉम्प्युटरवरचा कॅमेऱ्याचा जुना ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, काढून नवा टाकायचा, हे त्यांचं काम. कोणाचा तरी प्रोग्राम तो वापरत असला, की ड्रायव्हर निघत नाही. मग ते ड्रायव्हरशीच अहो-जाहो करत बोलतात. "साहेब, उठा आता. नवीन मंडळी दारात उभी आहेत." जबरदस्तीनं काढायची कमांड असते, पण ती ते वापरत नाहीत. "कोणीतरी धरून ठेवलाय, आधी त्याला विचारायचं," म्हणत टेबलाटेबलाशी जातात. एकदा त्यांनी कँटीनच्या मावशींनाही विचारलं.

"मी नाय धरला बाबा," मावशी म्हणाल्या, "माझे हात पिठात हायेत."

गेल्या सोमवारी क्लायंट नवा ड्रायव्हर बघायला रिसेप्शनला येऊन बसला आणि ड्रायव्हर हलेना. मॅनेजर ओरडले, "कोणाचं चालू राहिलंय? आज त्याला घरीच पाठवतो!"

सिनियरांनी चालू प्रोग्रामांची यादी उघडली. माझा प्रोग्राम सकाळपासून चालूच होता, आणि माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. त्यांनी स्क्रीनवरचं माझं नाव पाहिलं, मग माझ्याकडे.

"माझंच आहे, सर. बंद करायला विसरलो," ते मॅनेजरना म्हणाले.

त्यांनी माझा प्रोग्राम बंद केला. ड्रायव्हर लगेच निघाला. ते मात्र मान खाली घालून बराच वेळ ओरडा खात राहिले. मी शेजारीच उभी होते. 'माझं होतं' एवढंच म्हणायचं होतं. मराठी, इंग्रजी, कुठल्याच भाषेत मला ते म्हणता आलं नाही.