चादरीएवढं तळं

सासऱ्यांच्या मदतीला धावलेल्या जावयाने पहिलं काम काय केलं, तर परसातलं अख्खं तळं उचललं, झटकलं आणि चिमटे लावून दोरीवर वाळत टाकलं.

"जावईबापू," मागच्या दारातून मास्तर म्हणाले, "ते तळं होतं."

जावयाने दोरीकडे पाहिलं. कडेकडेने कातरलेली निळी चादर वाऱ्यावर फडफडत होती. त्याला वाटलं होतं, धुणं खाली पडलंय.

मास्तर म्हणजे त्याचे सासरे. हयात बायकांचे कपडे शिवण्यात गेली. निम्म्या गावाची मापं त्यांना तोंडपाठ, पण ती कधी ओठांवर आली नाहीत, म्हणून तर दुकान चाललं. आधी जुन्या चादरीवर बेतायचं, अंगाला लावून बघायचं, मगच नव्या कापडाला कात्री, ही त्यांची रीत. दुकान बंद केल्यावर तळं खणायचं मनात आलं, तेही त्याच रीतीने. जमीन म्हणजे नवं कापड. एकदा खणली की खणली.

तळं कुणासाठी, ते उघडच होतं. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, कमरेचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चाला. पण पडण्याचा धसका असा बसला होता की मागच्या खोलीतली खिडकीजवळची खाट सुटेना. तिथून त्या स्वतः सोडून सगळ्यांना पळवत.

जावयाने ओशाळून चादर पुन्हा अंथरली. मास्तर आत गेले आणि बायकोच्या उशीवर डोकं टेकून खिडकीबाहेर पाहू लागले.

"अहो, सरका. जावई बघतायत."

"माप घेतोय."

बाहेर येऊन त्यांनी चादरीची वीतभर पट्टी कापली. परत आत, परत उशी, परत कात्री. जावई बुचकळ्यात पडला. कापड नेहमी जरा जास्त ठेवावं, असं जन्मभर सांगत आलेला हा माणूस.

"बाबा, अशाने परातीएवढं उरेल."

"परातीत मावतील असे मासे आणू."

शेवटी उरलेली चादर लिंबाच्या झुडपाआड पुरती लपली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"अहो, मघाशी निळं टोक दिसत होतं. कुठे गेलं?"

"आहे इथेच."

"मला दिसत नाहीये."

"झालंय मात्र झकास," मास्तर कात्री पुसत म्हणाले.

खिडकीत आधी सासूबाईंचं कपाळ आलं, मग गजाला धरलेला हात. त्या चक्क उठून बसल्या होत्या.

"गोल केलंत की लांबट? तुमचा गोल गळा एकदाही गोल आलेला नाही."

खाट करकरली.

"माझी चप्पल कुणी सरकवली?"

जावई हळूच मास्तरांच्या कानाशी लागला. "बाबा, थोडं मोठं ठेवलं असतं तर आईंना पडल्या पडल्या दिसलं असतं. उगाच कशाला त्यांना त्रास?"

मास्तरांनी चादरीभोवती काठीने रेघ ओढली आणि कुदळ हातात घेतली.

"दिसलं तर ती उठेल कशाला?"