प्रभाकरने न पाठवलेली नोटीस

फोन आला तेव्हा मी आमच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात होतो. हंगामाला अजून अवकाश होता, यंत्रं उघडून ठेवली होती आणि नव्या रोलरचं चामडं मी उन्हात धरून बघत होतो. मंगलावहिनींचा आवाज नेहमीसारखाच, म्हणून मी आधी हसूनच बोललो. "भाऊजी, हे गेले जी," त्या म्हणाल्या. "जेवले… तुम्ही पाठवलेल्या वांग्यांचं भरीत होतं, दोनदा मागून घेतलं. मंग खुर्चीत पेपर घेऊन बसले. मले वाटलं डोळा लागला." अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नाही. माझ्या तोंडून निघालं, "पण वहिनी, वांग्यांची पोच नाही आली अजून!" पलीकडे त्या हसल्या, आणि हसता हसताच रडायला लागल्या.

हे वाक्य त्यांना कळलं, पण वाचकांना सांगावं लागेल. ॲडव्होकेट प्रभाकर हिवरे, वहिनींचा नवरा आणि माझा शाळेपासूनचा मित्र, कोणतीही वस्तू हाती आली की तिची पोच द्यायचा. सिंदी रेल्वेच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पाचवीत त्याने माझी कंपासपेटी उसनी घेतली आणि वहीचं पान फाडून लिहून दिलं, 'कंपासपेटी मिळाली. प्र. हिवरे.' खाली तारीख. मी चिडवलं, तर म्हणाला, "उद्या मी म्हनीन भेटलीच नाई, मंग तू का करशीन?" पुढे तो वर्ध्याला वकिली करू लागला, बोरगाव मेघेत घर बांधलं, मी वडिलांचं जिनिंग सांभाळलं. दर हंगामाला मी त्याला तुरीची डाळ पाठवायचो, पावसाळ्यात वांगी. दोन दिवसांत पोस्टकार्ड हजर: 'मिळाली. प्र. हिवरे.' मोबाइल आला तरी पोस्टकार्ड सुटलं नाही. माझ्याकडे बिस्किटाचा एक डबा त्या कार्डांनी भरलेला आहे. बायको म्हणते रद्दीत द्या. ते काही होणे नाही.

तर या माणसाशी मी एकदा वर्षभर बोलत नव्हतो. त्याची गोष्ट सांगायची आहे, आणि त्यात चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो.

जिनिंगचा सगळा डोलारा फिटरवर असतो. कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र म्हटलं तर साधं, पण त्याचं पातं आणि रोलर यांच्यातलं अंतर केसभर इकडेतिकडे झालं की सरकी फुटते, रुई डागते. आमचा शालिक पेचकसाची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरची, मूठ कानाला लावायचा, दुसरं टोक यंत्राला, आणि सांगायचा, "मालक, तिसऱ्या नंबरचं दुखून राह्यलं." डॉक्टरने छाती तपासावी तसं. असे फिटर आमच्या भागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ऐन हंगामात कुणीतरी चार पैसे जास्त देऊन दुसऱ्याचा फिटर पळवायचा आणि बिचाऱ्या मालकाचं जिन आठ-आठ दिवस बंद. एका वर्षी हे फारच झालं, तेव्हा आम्ही सहा जिनिंगवाले एकत्र बसलो आणि ठरवलं, की कुणी कुणाचा फिटर घ्यायचा नाही. घ्यायचाच तर आधीच्या मालकाची चिठ्ठी हवी.

इथवर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण मी पडलो शिस्तीचा! मी ते टाइप करून घेतलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे काटापूजन असतं, कापूस मोजायचा काटा धुऊनपुसून त्याला हार घालतात, नारळ फोडतात. त्याच मुहूर्तावर सहा जणांनी सह्या केल्या, शिक्के मारले, आणि भटजींनी काट्याबरोबर त्या कागदालाही हळदकुंकू वाहिलं. पेढे वाटले. आणि कागद आणखी पक्का व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी मी तो घेऊन बोरगावला गेलो, की प्रभाकर, याची नोटरी करून दे.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि दोनदा वाचलं. "हे हयदकुकू कोनं लावलं?"

"भटजींनी."

"त्याची बी सही घ्याची होती. साक्षीदार झाला असता." मग चष्मा खाली घेऊन म्हणाला, "गोविंदा, चोर चोरीले निंगते तवा सत्यनारायन घालते का बे? तुमी तं आपल्याच विरुद्धचा पुरावा पूजा करून, शिक्के मारून घेऊन आले. हा करार कायद्यात टिकत नाई. कोनाले आपल्या धंद्यापासून अडवाचा करार रद्दच असते. अन् वरून तुमाले दंड बसू शकते. मी याले हात नाई लावत."

मला राग आला. पाच मालकांत मी मोठ्या तोऱ्यात सांगून आलो होतो, की वकील आपल्या घरचा आहे. "घरचा असून तू असं बोलतोस," असं काहीबाही बोलून, चहा न घेता मी उठलो. त्या साली डाळ पाठवली नाही. डाळ नाही म्हणून पोच नाही. कागद मात्र माझ्या टेबलाच्या खणात जपून होता.

आणि त्या कागदात पहिला सापडला तो माझाच शालिक. त्याच्या बायकोला आष्टीकडच्या एका गावी आरोग्य उपकेंद्रात नोकरी लागली. मुलगी सहा वर्षांची, ती आईजवळ. शालिक आमच्या आवारातल्या खोलीत एकटा. हंगामात सुटी कसली मिळते! महिना महिना पोरीचं तोंड दिसायचं नाही. आष्टीकडे एक चांगलं जिनिंग होतं, त्यांना फिटर हवाच होता, पण ते मालक आमच्या सहांतलेच. ते म्हणाले, "गोविंदसेठची चिठ्ठी आन, उद्या कामाले लाग." शालिकने चिठ्ठी मागितली. मी म्हणालो, हंगाम संपू दे. हंगाम संपला, तर म्हणालो, आता यंत्रं उघडली आहेत, जोडून दे. जोडून झाली, तर नवा हंगाम दारात. मी त्याला कोंडून ठेवलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. पगार वेळेवर, दिवाळीला कपडे. पण सहा दारं बंद केल्यावर माणसाला कोंडायला वेगळं कुलूप लागत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. यंत्रं नीट चालत होती म्हणून मी तिकडे बघत नव्हतो.

पूर्वी माझी वांगी पोचवायला बोरगावला शालिकच जायचा. त्यामुळे ते घर त्याला माहीत होतं. तो तिथे गेला.

प्रभाकर एरवी यायचा तो रविवारी, पायजमा-सदऱ्यात. त्या दिवशी आला तो मंगळवारी, काळा कोट घालून, पॅसेंजरने. माझ्या समोरच्या त्याच्या ठरलेल्या खुर्चीत बसला नाही. शेतकरी बसतात त्या बाकावर बसला. मी म्हणालो, "तिकडे काऊन बसला?"

"आज मी मित्राकडे नाई आलो. शालिक माया पक्षकार हाय," तो म्हणाला आणि कोटाच्या आतल्या खिशावर हात ठेवला. "नोटीस तयार हाय. सहाईच्या नावानं. पयलं नाव तुयं."

मी आवाज चढवून म्हणालो, "मी त्याचं काय वाईट केलं? पगार बुडवला का कधी?"

"पगाराचं कोन इचारून राह्यलं?" त्याने आवाज चढवला नाही. "शेतकऱ्याले तुया भाव नाई पटला तं तो बैलबंडी वयवते अन् दुसऱ्या जिनात जाते. सहा जिनवाल्यानं मिळून कापसाचा भाव पाडला तं गाव तुमाले शिव्या देईन, अन् बरोबर देईन. मंग मानसाच्या हाताचा भाव सहा जनानं मिळून बांधला, तं ते तुले काऊन नाई समजत?"

मग त्याने समजावून सांगितलं, शाळेत मला गणित समजवायचा तसं. एकट्या मालकाने आपल्या माणसाला महिनाभर आधी सांगून जा म्हणावं, शिकवायला खरोखर खर्च केला असेल तर त्याबद्दल वाजवी अट घालावी, तिथवर ठीक. पण एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मालकांनी आपसांत ठरवलं, की तुझा माणूस मी घेणार नाही, तर तो वेगळा गुन्हा. तोंडी ठरवलं तरी तोच. दिल्लीत त्यासाठी आयोग आहे, दंड उलाढाल बघून बसतो, आणि नुसता जिनिंगवर नाही, ठरवणाऱ्या माणसावरही बसू शकतो. "अन् आयक," तो म्हणाला, "जो पयले जाऊन कबूल करते, त्याले सूट भेटू शकते. तुमी सहा जन हा. पाचाईच्या पोटात ही गोष्ट राहीन, याचा भरवसा हाय तुले?"

मी पाच जणांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले. सगळे पंगतीत शेजारी बसणारे, लेकींच्या लग्नात राबणारे. आणि एकाचाही भरवसा वाटेना. मग लक्षात आलं, की हे त्यांच्या कानावर गेलं की ते पाचही जण माझ्याबद्दल हेच म्हणणार.

मी खण उघडला आणि कागद काढला. "फाडून टाकतो."

"खबरदार! एक चूक केली, आता पुरावा नष्ट कराची दुसरी करतं का? यावर आडवं 'रद्द' लिहा, सहाई जनाच्या सह्या घ्या अन् मले आनून द्या. अन् हरेक मालकानं आपापल्या फिटरले सोताच्या तोंडानं सांगाचं, का तू मोकळा हायस."

"नोटीस दाखव तरी."

"सोमवारपर्यंत झालं, तं पाह्याची गरज नाई. नाई झालं, तं पोस्टानं येईनच."

दोन दिवसांत सगळे जमले, कुरकुर झाली, आदळआपट झाली, पण 'रद्द' लिहिलं गेलं. अवघड होतं ते पुढचं. मी शालिककडे गेलो तो मुद्दाम यंत्रं चालू असताना, म्हणजे चारचौघांना ऐकू जाणार नाही. म्हणालो, "शालिक, तुला वाटेल तिथे जा, चिठ्ठी लागणार नाही." त्याने कानामागे हात धरला, "का म्हनता मालक? आयकू नाई आलं." आणि सरळ जाऊन बटण बंद केलं. एकेक यंत्र थांबलं. रुई उचलणाऱ्या बाया, काट्यावरचा माणूस, सगळे वळून बघू लागले. त्या शांततेत मला तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. शालिकने पेचकस फडक्याने पुसला, खिशात ठेवला आणि डोळे पुसले त्याच फडक्याने, तर काळा पट्टा उमटला गालावर. तो हंगाम मला जड गेला, खोटं कशाला सांगू. पण मग दोन नवे फिटर तयार केले, पगार वाढवला, कुटुंबासाठी खोल्या बांधल्या. त्यांतला एकही आजवर सोडून गेलेला नाही, आणि मी त्यांना अडवलेलंही नाही.

पावसाळ्यात घाबरत घाबरतच बोरगावला वांगी पाठवली. तिसऱ्या दिवशी कार्ड आलं: 'वांगी मिळाली. भरीत झालं. राग गेला. प्र. हिवरे.' त्यानंतरचे आमचे रविवार फार सुखाचे गेले. त्या नोटिशीवरून मी त्याला चिडवायचो, की तुझ्या खिशात नोटीस नव्हतीच, धोब्याची यादी होती! मला नुसतं घाबरवलंस! तो पान चघळत म्हणायचा, "मी गेल्यावर कपाट उघडून पाह्यजो." खरं सांगायचं तर ती नोटीस नव्हती असंच मला वाटायचं, आणि तसं वाटण्यात बरं वाटायचं. इतक्या वर्षांच्या मित्राला कुणी नोटीस कशी पाठवेल?

तेरवीला शालिक आला होता, बायको आणि मुलगी घेऊन. मुलगी आता दहावीत आहे. तो पंगतीत वाढत होता, आणि मधेच जाऊन वहिनींच्या विहिरीवरची मोटर कानाने तपासून आला.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. त्याची खोली तशीच होती, खुर्चीच्या हातावर चष्म्याचं घर, टेबलावर कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा. "हे तुमच्या नावाचं हाय," म्हणत त्यांनी कपाटातून फाइल काढून दिली. वर आमचा तो कागद, हळदकुंकू विटलेलं, आडवं 'रद्द'. आणि त्याखाली नोटीस. तीन पानं, खरीखुरी. शेवटी त्याची सही. तारीख त्या मंगळवारच्या आदल्या दिवसाची. सहा लिफाफे, पत्ते घातलेले, तिकिटं चिकटवलेली. पहिला माझा. भाषेत कुठेही मित्र म्हणून सवलत नाही. 'माझे अशिलाचे उपजीविकेचा हक्क आपण हिरावून घेतला आहे…'

मी खुर्चीतच बसलो. त्याने पाठवली असती. सोमवारी खरोखर पाठवली असती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण इतका आनंद झाला की काय सांगू… असा माणूस माझा मित्र होता, आणि मला दुरुस्त व्हायला त्याने सहा दिवस दिले होते.

माझ्या लिफाफ्याला रजिस्टर पोस्टाची पोचपावती जोडलेली होती. नाव-पत्ता त्याच्या अक्षरात भरलेला, फक्त घेणाऱ्याच्या सहीची जागा कोरी. मी त्याचंच पेन उचललं. वहिनी म्हणाल्या, "का लिहून राह्यले जी?"

मी लिहिलं, 'मिळाली.' खाली सही केली आणि तारीख टाकली.